छापणाऱ्याचे नाव

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा तो बहुतेक संपादकांच्या नावांनी शिकवतो. ‘दर्पण’ म्हणजे बाळशास्त्री जांभेकर, ‘प्रभाकर’ म्हणजे भाऊ महाजन, ‘केसरी’ म्हणजे टिळक-आगरकर. विद्यार्थ्यांच्या वहीत सनावळी उतरते, अग्रलेखांची भाषा आणि तिच्यातील आवेश यांवर चार वाक्ये लिहिली जातात आणि प्रश्नपत्रिका सुटते. पण ज्याच्या बोटांतून ते अग्रलेख अक्षरशः, म्हणजे एकेक अक्षर करून, गेले त्या खिळे जुळवणाऱ्याला या इतिहासात जागा नाही. तो कोण होता, कोणत्या घरातून आला, त्याच्या मुलाने पुढे काय केले, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाचे नाहीतच असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात ते वाङ्मयेतिहासाचेच आहेत असे धरून आम्ही काही धागे जुळवू पाहत आहोत. सुरुवात मिरजेपासून करणे भाग आहे. सांगलीकर म्हणून अभिमान मिरवण्याचा त्यात हेतू नाही. ही कथा खरोखरच तेथून सुरू होते.

इ. स. १८०५ मध्ये मिरजेला भगवद्गीता छापली गेली. महाराष्ट्रात एतद्देशीयांनी आपल्याच पुढाकाराने केलेला ग्रंथमुद्रणाचा हा पहिला ज्ञात प्रयत्न म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या आपल्या इतिहासात (१९५८) त्याची हकीकत दिली आहे. गीतेच्या प्रती छापून काढाव्यात ही मूळ कल्पना नाना फडणविसांची. त्यासाठी पुण्यातील एका तांबटाला कामाला लावले गेले. तांब्याच्या पत्र्यावर श्लोकांची अक्षरे उलटी कोरायची आणि त्यावरून कागदावर सुलटा ठसा घ्यायचा, अशी ही पद्धत होती. काम पुरे होण्याआधीच नानांचा काळ संपला; १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात आश्रय उरला नाही तेव्हा तो कारागीर मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांकडे आला. त्यांनी त्याला ठेवून घेतले, गीता पुरी करवून घेतली आणि तिच्या प्रती ब्राह्मणांना वाटल्या. पटवर्धन घराण्यात त्याच सुमारास वाटणी झाली होती आणि चिंतामणरावांनी १८०१ मध्ये सांगलीचे वेगळे संस्थान उभे केले होते. अशा अस्थिर दिवसांत एका तांबटाला पदरी ठेवून गीता छापवून घेण्याची हौस एखाद्या संस्थानिकाला असावी ही गोष्ट लहान नाही.

त्याच काळच्या पुण्यात आणखी एक तांबट होता. गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. त्याचे नाव राहिले, कारण ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतले ते पत्रे लिहीत, नोंदी ठेवीत आणि चित्रे आपल्या देशी घेऊन जात. गीता कोरणाऱ्याचे काम मात्र दानात गेले. दान घेणारा ग्रंथाकडे पाहतो आणि दात्याला आशीर्वाद देतो; ग्रंथ कोणी कोरला हे विचारण्याची त्याला गरज नसते.

आता १८०५ हेच वर्ष बंगालमधील सेरामपूरला पाहू. याच वर्षी तेथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. त्याच्या मागे पंडित म्हणून वैजनाथ होते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यातील देवनागरी अक्षरे मात्र सुट्या खिळ्यांची होती आणि ते खिळे पंचानन कर्मकाराच्या हातचे होते, हे फारसे सांगितले जात नाही. पंचानन जातीने लोहार. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली १७७८ च्या हालहेडकृत बंगाली व्याकरणासाठी अक्षरे घडवताना तो तयार झाला. (हाच विल्किन्स १७८५ मध्ये भगवद्गीता इंग्रजीत नेतो. गीता आणि छापखाना यांचे नाते त्या काळात असे वारंवार समोर येते.) केरीने पंचाननला सेरामपूरला आणले. काही वर्षांतच तो वारला. पण वारण्यापूर्वी त्याने आपली विद्या जावई मनोहर याला दिली होती. मनोहरने पुढे कित्येक दशके सेरामपूरला अनेक लिप्यांचे खिळे घडवले आणि त्याच्या मागे त्याचा मुलगा कृष्णचंद्र याच धंद्यात राहिला. सासरा, जावई, नातू अशा तीन पिढ्या या एका कामात गेल्या.

मिरजेचा तांबट आणि सेरामपूरचा लोहार हे दोघेही धातूचे कारागीर आणि दोघेही अक्षरे उलटी कोरणारे. मग एकाचे घराणे झाले आणि दुसऱ्याचे नावही उरले नाही, असे का व्हावे? ‘मिशनऱ्यांकडे पैसा होता, पटवर्धनांची हौस होती’ हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. आमच्या मते उत्तर साधनात आहे. तांब्याचा पत्रा एका पृष्ठासाठी कोरला जातो आणि त्या पृष्ठापुरताच जगतो. गीतेचा पत्रा पंचांगाला उपयोगी पडत नाही. ग्रंथ संपला की साधन संपते आणि त्याबरोबर कारागिराचे कामही. सुटा खिळा मात्र आज गीतेत, उद्या व्याकरणात आणि परवा वर्तमानपत्रात उभा राहू शकतो. त्याला घडवणारा एक, जुळवणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि छापून झाल्यावर पुन्हा घरात परत टाकणारा चौथा. साधन ग्रंथापेक्षा अधिक जगू लागले तेव्हाच छपाईचा धंदा झाला, आणि धंदा झाल्यावरच तो बापाकडून मुलाकडे जाऊ शकला. मिरजेच्या कारागिराकडे कौशल्य होते. धंदा म्हणतात तो त्याच्या काळी त्याच्याभोवती अजून उभाच राहिला नव्हता.

ताडून पाहण्यासाठी फार दूर जायला नको. मिरजेतच तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावण्याचे काम कमी झाले तेव्हा शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला आरंभ केला. गवयांची ये-जा असलेल्या त्या गावात वाद्यांना सतत मागणी होती, म्हणून पुढच्या पिढ्या त्यात रुजल्या आणि ‘सतारमेकर’ हे आडनावच झाले. कोरीव अक्षरांना अशी रोजची मागणी १८०५ च्या मिरजेत असती तर आज तेथे एखादे ‘छापेकर’ घराणेही नांदत असते.

ही रोजची मागणी मुंबईत निर्माण झाली आणि ती प्रथम पंचांगांनी व मागाहून वर्तमानपत्रांनी केली. गणपत कृष्णाजी हे भंडारी जातीचे गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिळाछापाचे काम पाहून शिकले. त्यांनी स्वतःचा छापखाना मांडला, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. छापील कागदाला सोवळ्यात हात लावावा की नाही, शाईत चरबी असते काय, अशा शंका त्या वेळी जोरात होत्या. त्यांवर गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरून तोड काढली असे सांगतात. त्यात आम्हांला विनोद दिसत नाही. आपल्या गिऱ्हाइकाची श्रद्धा जाणून कच्चा माल बदलणारा हा पक्का धंदेवाईक मनुष्य होता. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात त्यांची आवर्जून दखल घेतली. मराठी लेखकाने छापणाऱ्याविषयी कृतज्ञतेने लिहिण्याचा तो दुर्मीळ प्रसंग होय.

परंतु ज्याच्या आयुष्यात या धंद्याची सगळी पायरीवार चढण दिसते तो माणूस म्हणजे जावजी दादाजी. जन्म १८३९, मुंबईच्या उमरखाडीतील गरीब मराठा कुटुंबात. शाळा नावापुरती. दहाएक वर्षांचा असताना हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला तो दरमहा दोन रुपयांवर, टाइप घासायला. साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेला धातूची कुसळे राहतात. ती घासून काढली नाहीत तर खिळा खिळ्याशी नीट बसत नाही, ओळ वाकडी होते आणि अक्षरांत फटी पडतात. हे सर्वांत खालचे काम. त्यात वाचता येण्याचीही गरज नसते. बोटांना मात्र अक्षराची कड न कड ओळखू येऊ लागते. त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम हा अक्षरे घडवणारा कुशल कारागीर होता. मिशनच्या मराठी टाइपाला जे सुबक वळण आले त्यात त्याचा मोठा वाटा होता. जावजी त्याच्या आसपास वाढले. पुढे ‘टाइम्स’, ‘इंदुप्रकाश’ आणि ओरिएंटल अशा छापखान्यांतून त्यांनी नोकऱ्या केल्या. म्हणजे वर्तमानपत्राच्या घाईचा, रात्रीच्या पाळीचा आणि ‘मजकूर आत्ता हवा’ या हुकमाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

या उद्योगात राणोजी रावजी आरू हे त्यांचे मित्र आणि सहकारी. पोलादावर अक्षराचा मूळ ठसा कोरणे ही राणोजींची विद्या. निर्णयसागरचे म्हणून जे अक्षर आपण ओळखतो, त्याचे ते गोलाईदार पण ताठ बसणारे वळण, त्याच्या मागे या दोघांचे डोळे आणि राणोजींचा हात आहे. जावजींचे चरित्र अधूनमधून सांगितले जाते, राणोजींचे जवळजवळ नाहीच. मालक आणि कारागीर यांच्यातही प्रसिद्धीची पुन्हा एक उतरंड असते, ती अशी.

निर्णयसागरने पुढे काय केले ते संस्कृतच्या अध्यापकांना सांगायला नको. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’, पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक, आणि शुद्ध छपाईची अशी ख्याती की निर्णयसागरी पाठ म्हणजे विश्वसनीय पाठ. मराठीत विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिकही (१८८१) येथूनच निघाले. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले आणि कारभार त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांच्याकडे आला. कितीतरी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांचे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो.

येथे थोडे थांबावेसे वाटते. लोहार, तांबट, भंडारी, मराठा. आपल्याकडच्या मुद्रित अक्षराला ज्यांनी आकार दिला त्यांच्यापैकी अनेकांना, त्या अक्षरांतून छापल्या गेलेल्या ग्रंथांचे अध्ययन करण्याचा अधिकार परंपरेने दिलेला नव्हता. मिरजेच्या तांबटाने कोरलेली गीता ब्राह्मणांना वाटली गेली. ती कोरणाऱ्याला तिचा अर्थ कोणी सांगितला असेल काय, हा प्रश्न आम्हांला बेचैन करतो. दोन रुपयांवर खिळे घासलेल्या मुलाच्या छापखान्यातून कालिदास आणि भवभूती देशभर गेले. ‘मराठी वाङ्मयाचा बहुजनांशी संबंध कधी आला’ असा प्रश्न परीक्षेत विचारला की विद्यार्थी सत्यशोधकांपासून उत्तर सुरू करतात. आशयाच्या दृष्टीने ते बरोबरच. परंतु अक्षराच्या दृष्टीने हा संबंध कितीतरी आधीचा आणि अधिक निकटचा आहे, हे त्या उत्तरात कुठेतरी यायला हवे.

सत्यशोधकांकडे वळले की लेखणी आणि छापखाना एकाच घरात आलेली दिसतात. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. ते चालवणे झेपेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव, दत्तक जाऊन मुकुंदराव पाटील झालेले, यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून ते अनेक दशके चालवले. खेड्यात छापखाना चालवणे म्हणजे कागद शहरातून आणायचा, टाइप झिजला तर नवा येईपर्यंत झिजल्यावरच भागवायचे आणि वर्गणीदारांच्या मागे हिंडायचे. बापाच्या हातून निसटलेले पत्र मुलाने दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या गावी टिकवून धरले, असे हे घराणे आहे.

आता आमच्याच भागाकडे परत येऊ. साताऱ्यात ‘शुभसूचक’ १८५८ पासून निघत होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा वाळवे तालुका येई आणि त्या तालुक्याच्या इस्लामपुरातून ‘प्रतोद’ नावाचे पत्र निघे. १८९७ हे वर्ष वर्तमानपत्रांना कठीण गेले. पुण्यात प्लेग, रँडचा खून, आणि त्यानंतर राजद्रोहाच्या १२४-अ कलमाचा वरवंटा. ‘केसरी’वर खटला झाला तसाच ‘प्रतोद’वरही झाला. साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने संपादक रामचंद्र नारायण आणि त्यांच्याबरोबरचा दुसरा आरोपी यांना फार कठोर शिक्षा दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी अपील ऐकले आणि त्या पुष्कळ कमी केल्या. त्या तिघांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आजही राजद्रोहाच्या व्याख्येसाठी उद्धृत होतो, तो रामचंद्र नारायण या पहिल्या नावाने. दुसऱ्याचे नाव तेथेही मागेच राहते.

‘केसरी’च्या खटल्यात टिळक एकटेच आरोपी होते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात छापखान्याच्या बाजूचे केशव महादेव बाळ उभे होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि बाळ निर्दोष सुटले. सुटले म्हणून इतिहासातूनही सुटले, असेच म्हणावे लागते. खटल्याचे ते दिवस, घरच्यांची काळजी आणि आपण न लिहिलेल्या शब्दांसाठी उभे राहणे, हा अनुभव कोणत्याही वाङ्मयीन चरित्राचा विषय झालेला नाही.

या माणसाला न्यायालयात खेचता येत होते, कारण कायद्याला त्याचे नाव ठाऊक होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले आणि छापखाना ठेवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करावे लागू लागले. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकांकडून जातमुचलके मागितले. रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. १९१० च्या कायद्याने छापखानदाराकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याची सोय केली. लिहिणारा भूमिगत होऊ शकतो, टोपणनाव घेऊ शकतो. मुद्रकाला दोन्ही मार्ग बंद. त्याचे यंत्र जमिनीला बोल्टांनी पक्के केलेले असते आणि त्याचे नाव शेवटच्या पानाच्या तळाशी असते. मराठी मुद्रकांची सर्वांत मोठी नामावळी अशा रीतीने सरकारने संशयापोटी तयार करून ठेवली आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांना प्रेमापोटी तेवढे जमले नाही.

त्या तळाच्या ओळीच्या मागे काम कसे चाले? आजच्या एम. ए.च्या विद्यार्थ्याने बहुधा खिळा हातात धरलेला नसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा खिळा. इंग्रजीची जुळणी दोन केसांत, म्हणजे घरे पाडलेल्या उथळ लाकडी खणांत, भागते. देवनागरीला चार केस लागत. जोडाक्षरांची घरे वेगळी, अर्ध्या अक्षरांची वेगळी. मुंबईच्या पद्धतीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार यांचे चिमुकले तुकडे अक्षराच्या वर बसवायचे आणि उकार खाली, म्हणजे एक ओळ प्रत्यक्षात तीन मजली. जुळारी डाव्या हातात स्टिक धरतो आणि उजव्या हाताने, घराकडे न पाहता, खिळे उचलतो. अक्षर उलटे असते आणि स्टिकमध्ये ते डोक्यावर उभे राहते, त्यामुळे त्याच्या नजरेला शिरोरेषा खाली आणि अक्षरे तिच्यावर उभी दिसतात. आपण आयुष्यभर शिरोरेषेला टांगलेली अक्षरे वाचतो. तो आयुष्यभर तिच्यावर उभारलेली अक्षरे वाचतो. स्टिक भरली की गॅलीत, गॅलीवरून मुद्रित, मुद्रितावर तपासनिसाच्या खुणा, चिमट्याने चुकीचा खिळा उपटून नवा बसवणे, मग चौकटीत आवळलेला फर्मा यंत्रावर. छापून झाले की सगळे धुऊन, मोडून, प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरात. हे परत टाकण्याचे काम शिकाऊ मुलाचे. चुकीच्या घरात पडलेला खिळा दुसऱ्या दिवशी अग्रलेखात चुकीचे अक्षर होऊन उगवे आणि संपादक ज्याला ‘मुद्राराक्षस’ म्हणून हसत तो राक्षस म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांचा झोपाळलेला पोर असे.

लहान गावातील छापखान्यात ही सगळी कामे एकाच कुटुंबात वाटलेली असत. बाप जुळणी करी, थोरला पायाने ट्रेडल हाणी, धाकटा खिळे सोडी आणि छापील कागदांची दुमडणी घरातल्या बायका दुपारी करत. साप्ताहिकाच्या आदल्या रात्री दिवा उशिरापर्यंत जळे. एरवी पोट लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि निवडणुकीची पत्रके यांवर चाले. वर्तमानपत्र हे बहुतेकांना इभ्रतीचे काम, फायद्याचे क्वचितच. खिळ्यांवरचे शिसे बोटांना लागे, त्याच बोटांनी भाकरी खाल्ली जाई, आणि शिशाची बाधा हा या धंद्याचा जुना रोग. मंद दिव्यात बारीक टाइप वाचून डोळे लवकर अधू होत. ज्या भाषेचे ऱ्हस्व-दीर्घ या माणसांच्या बोटांत होते तिच्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या चर्चेत त्यांना कधी कोणी बोलावल्याचे आमच्या वाचनात नाही. १९६२ चे नवे नियम आले तेव्हा अनुस्वारांची कितीतरी घरे ओस पडली असतील. त्या सुधारणेकडे केसच्या बाजूने कोणी पाहिलेले नाही.

देवनागरीच्या या पसाऱ्याचा ताप टिळकांनी ओळखला होता. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा आराखडा त्यांनी स्वतः बसून केला. गीतेवर भाष्य करणारा आणि खिळ्यांची घरे मोजणारा मनुष्य एकच असावा, हे त्यांच्याविषयी आमचा आदर वाढवणारे आहे.

आमच्या भागात संस्थानांमुळे छापखान्यांना काही आडोसाही मिळाला. चिमुकल्या औंध संस्थानाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. राजधानी औंधला श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळात वैदिक संहिता छापल्या जात. उदात्त-अनुदात्तांच्या खुणा प्रत्येक अक्षराच्या वर-खाली बसवायच्या म्हणजे आधीच तीन मजली असलेल्या ओळीवर आणखी बोजा. त्याच संस्थानच्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. मग ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४). वेद आणि ‘स्त्री’ मासिक एकाच राजाच्या प्रजेने, थोड्याशा अंतरावर, तशाच खिळ्यांनी जुळवले. १९४८ च्या उद्रेकानंतर सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले आणि त्यांचे काम पुढे तेथून चालले.

खिळ्यांचा हा धंदा आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर मिटला. १९८० नंतर मोठ्या दैनिकांत फोटोटाइपसेटिंग आणि ऑफसेट आले, १९९० च्या दशकात संगणकावरची जुळणी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, ‘श्रीलिपी’सारखी अक्षरे घराघरांत आली. केस रिकामे झाले आणि खिळे वजनावर विकले गेले. काहीजण संगणक शिकले. ज्यांचे डोळे आणि वय दोन्ही उतरले होते ते घरी बसले. पुढची पिढी बहुतांशी दुसरीकडे गेली. वर्तमानपत्राचे संपूर्ण पान आता ॲल्युमिनियमच्या एका पातळ पत्र्यावर उमटते, छापून झाले की तो पत्रा निरुपयोगी होतो आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. म्हणजे एका पानाला एक पत्रा, ही मिरजेच्या तांबटाची रीत पुन्हा आली आहे. फरक इतकाच की आता कोरणारा हात नाही.

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहून प्रतिज्ञापत्र करण्याची मुद्रकाची जुनी रीत त्याबरोबर संपली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत मात्र दीडशेहून अधिक वर्षांची ती प्रतिज्ञापत्रे जमा होत आलेली आहेत. त्यांत नाव असते, बापाचे नाव असते, राहण्याचे ठिकाण असते आणि छापखाना कोणत्या घरात आहे तेही असते. पीएच. डी.साठी विषय शोधत आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली एखाद्या कादंबरीकाराऐवजी या दप्तरांचा पत्ता सांगतो. दोघांनी सातारा आणि सांगली जिल्हे वाटून घेतले तरी काही वर्षे पुरेल एवढे काम आहे, आणि कागद ओलीने खराब होण्याच्या आत ते हाती घ्यायला हवे.